पुसून दिलेली चकती

रुपीने डोक्यावरचा हंडा ओट्यावर टेकवला आणि आत पाहिलं. आई दारातल्या उजेडात बसली होती. मांडीवर रुपीची पोलादी डबी, झाकण बाजूला काढलेलं, आणि बोटांत नाण्याएवढी ती चकती. लुगड्याचा पदर ओला करून भागी ती चकती पुसत होती.

"आये!"

"घाबरतंस कशाला? फोडली नाय." भागी हसली. "भाकर ठेवाया तुजी पिशवी उघडली, तं ही दिसली. आरसा हाय ना? बघ आता कसा चकाकतो."

रुपी उंबऱ्यातच उभी राहिली. अंगावर सांडलेलं पाणी पायांवरून ओघळत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

त्या चकतीवर तिने मुंबईतल्या प्रयोगशाळेत आयन उतरवले होते. आयन म्हणजे विद्युतभार असलेले अणू. हवा काढून घेतलेल्या पेटीतून ते चकतीपर्यंत आणायचे आणि इतक्या हलक्याने टेकवायचे, की पाखरू फांदीवर बसावं. त्यांचा थर डोळ्यांना दिसत नाही. बोट लागलं, उघडी हवा लागली तरी तो बिघडतो. म्हणून तर डबीत नायट्रोजन भरून तिने चाप लावला होता. आधीचे नमुने एकामागून एक वाया गेले होते, हा एकच साधला होता. सरांचा प्रकल्प आता संपला होता, यंत्र दुसऱ्यांकडे गेलं होतं. आज नाशिकला या चकतीची तपासणी झाली असती, तर रुपीचा प्रबंध पुरा झाला असता. वाट जरा वाकडी केली की मोखाड्यावरूनही नाशिकला जाता येतं, म्हणून रात्रीपुरतं सूर्यमाळला, आईकडे थांबायचा मोह तिला झाला होता. हातातोंडाशी आलेला घास जातो म्हणतात, तो असा जातो.

आणि भागीला तरी काय बोलायचं? त्या घरात कुणाच्या हाती काही द्यायचं तर पुसून द्यायचं, मग ती रिकामी वाटी का असेना. उन्हाळ्यात पाण्याचा ठणठणाट असला तरी पदराचं टोक भिजवण्यापुरतं पाणी भागी राखून ठेवी. प्रयोगशाळेत नवी असताना रुपीनेही सरांना चहाचा पेला ओढणीने पुसून दिला होता. सगळे हसले होते. तिची ती खोड मोडायला पुष्कळ दिवस लागले.

"पुसलीस कशाला गं, आये?"

"मंग? चार लोकांपुढं नेशील. तशीच कशी न्यायची? म्हनतील, हिच्या घरात कोन हाय का नाय."

रुपीने चकती हातात घेतली आणि उजेडात धरली. काल दिसत होती तशीच ती आजही दिसत होती. तिला आईचा राग आला, भयंकर राग आला, आणि त्या रागाची लगेच लाजही वाटली. मग तीही ओसरली आणि आत नुसतं कोरडं राहिलं.

भागीचं हसू मावळलं. "बिघाडलं का काय?"

सांगितलं असतं, तर ती जन्मभर हात चोळत बसली असती.

"नाय. चांगली झाली."

तिने चकती डबीत ठेवली. चाप लावला, तोही नीट, शिकवला होता तसा. भाकरीचं फडकं पिशवीत घातलं. सरांना कळवायला हवं होतं आणि पाड्यावर फोनला रेंज नव्हती. ती खोडाळ्याला मिळे. तिथवर जायचं, फोन करायचा, एवढंच काम आता उरलं होतं.

भागी फाट्यापर्यंत सोडायला आली. तिथे बाजाराला निघालेल्या दोन बाया उभ्या होत्या. वळणावर एसटी दिसली तसं भागीने नेहमीचं विचारलं, उत्तराची फारशी आशा न धरता.

"परत कवा येशील?"

"संध्याकाळी."

"आजच्याला?" भागीला खरं वाटेना. "आनि मंग जाशील कवा?"

"आता नाय जायाची."

गाडी थांबली, कंडक्टरने दार उघडलं, तरी भागी लेकीचा हात सोडीना. त्या बायांकडे वळून ती मोठ्याने म्हणाली,

"ऐकलंत का? माजी पोरगी घरी राहाया येते!"