पायावाटे निघालेला कचरा

पाणी तपकिरी झालं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. विजेच्या यंत्राची पट्टी बुडवलेल्या टबात पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्याच्या घोट्यांभोवती फेसाळ, गढूळ लगदा तरंगत होता. पुढच्या रांगेतली एक बाई तो बाटलीत भरून घ्यायला धडपडत होती. मागे एक डॉक्टरबाई उभ्या होत्या. म्हातारा त्यांचा सासरा होता.

"हृदयाचा कचरा पायावाटे!" शिबिर भरवणारे नळीमहाराज गरजले. "गोळ्या म्हणजे नळीत आणखी गाळ! कोण खाणार गोळ्या?"

"कोणी नाही!" सगळे ओरडले. त्यात सासऱ्यांचा आवाज सर्वांत मोठा.

त्यांच्या हृदयाच्या धमनीत नुकतीच जाळी, म्हणजे स्टेंट, बसवली होती. पण जन्मभर नळदुरुस्ती केलेला माणूस. तुंबलं की उपसायचं, एवढंच त्यांना पटायचं. कालपासून गोळ्या बंद होत्या. जाळीवर रक्त गोठलं तर सगळं संपलं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्या तरातरा पुढे गेल्या.

"बाबा, लोखंडी नळी निर्जीव असते, धमनी जिवंत असते. जाळी बसवताना आत फुगा फुगवून वाट मोठी केली, तेव्हा आतलं अस्तर सोलवटलं. भिंतीतल्या स्नायूपेशी एरवी मुकाट आवळतात नि सैल होतात. जखम झाली की त्या आपलं काम टाकतात, वाढत सुटतात, आत सरकून थर चढवतात. बुजवायला जातात जखम आणि अडवून बसतात वाट! अशा धमन्यांचे काप मी रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. तो थर तुमचंच मांस आहे, पायातून कसा गळेल? जाळीवरचं औषध त्या पेशींना आवरतं. अस्तर परत धरेपर्यंत रक्त गोठू नये, म्हणून गोळ्या!"

"अगं सूनबाई, पण हे डोळ्यांदेखत निघालं ना!"

"मग आता टबात पाय नकोतच."

बाईंनी दुसऱ्या टबात स्वच्छ पाणी ओतलं, महाराजांच्याच बरणीतलं मीठ टाकलं आणि यंत्राची पट्टी त्यात सोडली.

"हात लावू नका! शक्ती कोपेल!" महाराज धावले.

बटण दाबलं गेलं होतं. थोड्याच वेळात पाणी तांबूस झालं, मग तपकिरी, वर तोच किळसवाणा फेस.

"आता हा कचरा कोणाचा हो?" मागून कोणीतरी विचारलं.

सासऱ्यांनी ओल्या पायांनीच पुढे होऊन बटण बंद केलं, पट्टी उचलली, नखाने खरवडली, नाकाशी नेली. त्यांचा चेहरा आंबट झाला.

"गंज," ते म्हणाले. "खारं पाणी, वीज आणि लोखंड. जन्मभर हाताला हाच लागला. तेव्हा कधी टाळ्या नाही वाजवल्या कोणी!"

महाराज मागच्या दाराने सटकले. बाटलीवाल्या बाईने बाटली टबात रिकामी केली आणि पदराला हात पुसत राहिली.

लोकांना भुलवणं वाईटच; पण आजाऱ्याच्या हातची गोळी सोडवणाऱ्याची शिसारी यावी. चमत्कार दिसला, तर आधी पाय बाहेर काढा आणि पुन्हा बटण दाबून बघा. एवढी शंका घ्यायला शिक्षण लागत नाही.

सासऱ्यांनी सुनेपुढे हात पसरला.

"आण ती गोळी. आणि पाणी पेल्यातून दे, बाई."