आजोळची सोन्याची तार

मी एक सोन्याची तार बोलतेय. बाळाच्या कानात घालायला आजोळहून देतात ना, ती. पण कौतुक नको, माझं डोकं फिरलंय.

साताऱ्याच्या सोनाराने मला घडवलं ते मोरेश्वरसाठी, पद्मिनीच्या धाकट्या भावासाठी. कान टोचला आणि रक्त थांबेना. दृष्ट लागली म्हणाले. पुढे त्याचा दात काढला, त्या रक्तानेच पोरगा गेला. घरात ठरलं, तापाने गेला म्हणायचं, नाहीतर मुलींची लग्नं कशी जमणार? मला पुसून डबीत ठेवलं आणि सगळे मूग गिळून बसले.

२००४ साली पद्मिनी लेकीच्या, देवयानीच्या बाळंतपणाला अमेरिकेत शॉमबर्गला आली. मॉलमध्ये यंत्राने कान टोचतात, ते हिला पटेना. बारशाला किचनमध्येच तिने मला नातवाच्या कानात खुपसलं. पुन्हा तेच. टॉवेल भिजला, तेव्हा कुठे हॉस्पिटल गाठलं.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिमोफिलिया, रक्त नीट गोठत नाही. दोष आईकडून आलेल्या एक्स गुणसूत्रात. बाईला दोन एक्स, एक बिघडला तरी दुसरा बहुधा सांभाळून घेतो. मुलाला एकच, तोही आईचा. "माहेरी कुणाला होता?"

"नो, नोबडी," पद्मिनी म्हणाली. मी तिच्याच पर्समध्ये होते. माझ्या अंगाची आग झाली.

पद्मिनीची धाकटी लेक नीलांबरी कॅलिफोर्नियात, सांता क्लाराला, तिलाही मुलगाच होणार होता. पद्मिनी तिकडे जायला मला बॅगेत भरू लागली, तशी देवयानीने डबी हिसकावली.

"आई, मामा खरंच तापाने गेला?"

"हळू बोल, जावई ऐकतील. दात काढला होता. नीलूच्या सासरी कळलं तर तिला नांदवतील का?"

"आणि तिचं बाळ गेलं तर?"

"फोन केलास तर मी तुला मेले."

देवयानीने तिच्यासमोरच फोन लावला. "नीलू, डॉक्टरांना आधी सांग, बाळाची टेस्ट करून घे. कान टोचू नका."

नीलूच्या बाळालाही तोच आजार निघाला. पण आधी कळल्यामुळे डॉक्टर तयारीत होते, औषध हाताशी होतं. बाळ सुखरूप आहे, कान कोरे आहेत. पद्मिनी मात्र देवयानीशी अजून बोलत नाही. लेकीने नाक कापलं म्हणते. नाक म्हणे.

मी देवयानीच्या ड्रॉवरमध्ये पडून आहे, जुन्या बॅटऱ्यांशेजारी. मला खुशाल वितळवा, हरकत नाही. पण त्याआधी पद्मिनीने एकदा मोठ्याने म्हणावं, मोरेश्वरला ताप नव्हता.