माझ्याच फळीचा आवाज

मी एक जुनी होडी आहे. जुनी म्हटलं की लोक लगेच बिचारी म्हणतात. मित्रांनो, तसं काही समजू नका! माझं नाक अजून सरळ आहे, तळाला फक्त दोन ठिगळं आहेत, आणि कळव्याच्या खाडीतल्या तिवरांच्या झाडीची प्रत्येक गल्ली मला तोंडपाठ आहे. तरी आज मी जे सांगणार आहे, ते सांगताना माझा आवाज थोडा बसेल. तेवढं चालवून घ्या.

नाथाबाबांनी मला घडवून घेतलं. साईनाथ सुतार एकेक सागाची फळी ठोकत होता आणि बाबा बाजूला उभे राहून सारखे म्हणत होते, "जरा सावकास रं, तिला लागंल." सुतार हसून म्हणाला, "नाथाशेठ, होडी आहे ही, सून नाही." पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा माझ्या कपाळाला कुंकू लावलं, नारळ फोडला. त्या दिवशी मी इतकी नाचलेले की बाबांच्या लेंग्यावर अर्धी खाडी सांडली!

तेव्हा या घराचं मिठागर होतं. पुढे मिठागर गेलं, बाबाही गेले. उरल्या बाबांच्या बायको ठमाबाई, त्यांची नात कृतिका आणि मी. आम्ही तिघी चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायचो आणि पावसाळ्यात बोय मासे. बोय धरायची आमच्या घरची रीत मोठी मजेची आहे. जाळं लावायचं आणि वल्ह्याने माझी मधली फळी जोरजोरात बडवायची. धाड, धाड, धाड! आवाजाने बिथरलेले बोय टणाटण उड्या मारत जाळ्यात पडतात. माझा ढोल होतो, पण मला तो आवडायचा.

मात्र नवरात्र आलं की ढोल बंद. कारण तेव्हा पाखरं येतात. पार उत्तरेकडच्या थंड देशांतून उडत आलेले पाणटिवळे आणि तुतवार चिखलात उतरतात तेव्हा त्यांच्या अंगावर नुसती हाडं उरलेली असतात. ठमाबाईंचा नियम एकच होता. "पाखरं आली की फली वाजवायची नाय. पाव्हनी हायत ती. पोटभर खाव द्या."

वर्षानुवर्षं आम्ही तो पाळला. म्हणून तर मी अगदी हाताच्या अंतरावरून गेले तरी तुतवार मान वर करून बघायचे आणि पुन्हा चिखलात चोच खुपसायचे. दुसऱ्या होड्या दिसल्या की उडायचे, मला पाहून नाही. मला याचा भारी गर्व होता. आता गर्व म्हणा, नाहीतर प्रेम.

तीन वर्षांपूर्वी ठाण्याच्या नौपाड्याहून प्रफुल्लकाका आले. बँकेत नोकरी, गळ्यात मोठ्ठा कॅमेरा, आणि बोलणं एकदम गोड. दर शरदात यायचे. ठमाबाईंच्या हातची तांदळाची भाकरी खायचे, कृतिकाला पक्ष्यांची नावं शिकवायचे. माझ्यात चढताना आधी बूट काढायचे. खरं सांगते, मला ते आमच्यातलेच वाटायला लागलेले.

"आजी, तुमच्या होडीला पक्षी घाबरत कसे नाहीत हो?" त्यांनी एकदा विचारलं.

"घाबरतील कशाला? हिनी त्याना कवा तरास दिलाय?"

कृतिकाला राहवलं नाही. नववीतली पोर, तोंडाची टकळी सुरूच! "काका, पावसात बघायला या तुम्ही! बोय धरताना आम्ही हिची ही फळी अशी बडवतो ना, सगळी खाडी दणाणते. आता वाजवली तर एकपण पक्षी दिसणार नाही तुम्हाला. पण आजी फटके देईल."

"अरे वा!" काका म्हणाले. नुसतं तेवढंच.

यंदा दसऱ्यानंतरच्या रविवारी ते आले. ठमाबाईंचे गुडघे दुखत होते. "कृतिका नेईल तुमाला. घरचीच मानसं तुमी," असं म्हणून त्या काठावर बसल्या. भरती नुकती लागलेली. पाणी चढत होतं आणि चिखलाचा उरलेला पट्टा लहान लहान होत चाललेला. तिथे शेकडो पाखरं दाटीने उभी होती. रात्रीच उतरलेले पाणटिवळे एका पायावर झोपलेले. कृतिकाने वल्हं असं टाकलं की पाण्यालासुद्धा कळलं नाही. आम्ही अगदी जवळ गेलो.

काकांनी भराभर फोटो काढले. मग तोंड वाकडं केलं. "बसलेले पक्षी काय, सगळेच काढतात. फोटोंच्या स्पर्धेला उडते पाहिजेत."

"पाणी चढलं की उडतील की काका. थोडं थांबा."

"तोपर्यंत ऊन वर जाईल गं. रंग मरतो मग." त्यांनी माझ्या मधल्या फळीकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "कृतिका, ती फळी वाजव ना. एकदाच."

"नाय काका."

"अगं, एकदाच! फोटोखाली तुझं नाव टाकतो. 'सहाय्य: कृतिका.' शाळेत दाखव सगळ्यांना."

मित्रांनो, मला माहीत होतं, तिला नाव किती हवं होतं. वर्गात पोरं तिला चिंबोरी म्हणून चिडवायची. तिने क्षणभर खाली बघितलं. मग वल्हं छातीशी घट्ट धरलं. "नाय म्हटलं ना! आत्ताच आलीत ती. उपाशी आहेत."

काका हसले. कॅमेरा डोळ्याला लावला. आणि पाय उचलला. त्या दिवशी त्यांनी बूट काढलेच नव्हते.

धाड! धाड! धाड!

तो आवाज माझ्यातून निघाला. माझ्याच फळीतून! मला तो थांबवता आला नाही. सगळी खाडी एकदम उठली. पाणटिवळे धडपडत उडाले, पट्ट्यावर तीन घिरट्या घातल्या, पण परत उतरले नाहीत. खाली मी होते ना. बाकी सगळीकडे पाणी. ती थकलेली पाखरं पार दिसेनाशी होईपर्यंत उडतच राहिली.

"जबरदस्त! कृतिका, बघ, काय फ्रेम आलीये!"

"काका, तुम्ही बोलू नका माझ्याशी," ती म्हणाली, आणि काठापर्यंत रडत रडत वल्हवत आली.

खाडीवर आवाज लांब जातो. ठमाबाई गुडघे विसरून उभ्या होत्या. "कोनी वाजवली?"

"काकांनी. पण सांगितलेलं मी, आजी. मीच सांगितलेलं."

"आजी, पक्षीच ते, येतात परत," काका म्हणाले आणि रिक्षा पकडून गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. काही पाखरं आलेली होती. मी नेहमीसारखी, अगदी हळू, त्यांच्याकडे निघाले. अजून कितीतरी अंतर होतं, आणि एका तुतवाराने मान वर केली. मला बघितलं. उडाला. त्याच्यामागे सगळे. दुसऱ्या होड्यांना उडतात तसे. तिसऱ्या दिवशीही तेच. मी काय करू? मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं की ती मी नव्हते. पण आवाज तर माझाच होता.

दिवाळीत काका फराळाचा डबा आणि चौकटीतला फोटो घेऊन आले. त्यांना बक्षीस मिळालेलं. फोटोखाली कृतिकाचं नावही होतं. "आजी, बघा तरी, कशी आभाळाकडे झेपावतायत!"

ठमाबाईंनी फोटो उन्हाला धरून बराच वेळ निरखला. "आभालाकडं नाय ओ," त्या म्हणाल्या. "आमच्यापासून पलतायत." आणि फोटो काकांच्या हातात परत दिला. फराळाचा डबाही.

मित्रांनो, कॅमेरा घेऊन जरूर या. खाडी सगळ्यांची आहे. पण एखादं पाखरू तुम्हाला जवळ येऊ देतं, तेव्हा ते स्वतःचा जीव तुमच्या भरवशावर ठेवत असतं. बसलेलं असेल तर बसलेल्याचाच फोटो काढा. आणि कुणी भोळेपणाने आपल्या घरची गोष्ट तुम्हाला सांगितली, तर ती त्याच्याच विरुद्ध वापरू नका.

कृतिका आता रोज शाळेआधी मला बाहेर काढते. आम्ही पुढे जात नाही. लांब, तिवरांपाशी, नांगर टाकून गप्प उभ्या राहतो आणि पाखरांना पोटभर खाऊ देतो. काल ती माझ्या फळीवर हात ठेवून म्हणाली, "किती दिवस लागतील गं?"

मला माहीत नाही. उद्या सकाळी साडेसहाला ओहोटी आहे, चिखल उघडा पडेल. आम्ही तिथेच असू.