मास्तरीणबाईंचा अबोला

घराचा कर्ता पुरुष गाडीचं चाक हातात धरतो, तेव्हा मागे बसलेलं घर निर्धास्त झोपतं. मागे बसलेलं घर, म्हणजे मुलगा आणि सून, त्या सकाळी खरोखरच निर्धास्त झोपलं होतं. मुलाचं तर तोंडही उघडं होतं. कर्त्या पुरुषाला मात्र समोरचा रस्ता दिसत नव्हता.

हे गाडीतल्या दोघांनाच ठाऊक होतं. एक खुद्द मास्तर, आणि दुसऱ्या त्यांच्या शेजारी बसलेल्या मास्तरीणबाई.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. गावातलं एकुलतं एक ड्रायव्हिंग स्कूल त्यांचं होतं, आणि अर्ध्या गावाला क्लच आणि ब्रेक यांतला फरक त्यांनी ओरडून ओरडून शिकवला होता. उरलेलं अर्धं गाव त्या ओरडण्याला भिऊन सायकल चालवत होतं. स्कूल बंद करताना मास्तरांनी बाकी सगळं विकलं, पण शिकवायची जुनी गाडी ठेवून घेतली. तिला शेजारच्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक होता. शिकाऊ माणूस गडबडला की तो मास्तरांनी दाबायचा. आता त्या सीटवर बाई बसत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की नजर मधोमधून जाते आहे. कडेचं दिसेल, समोरचं दिसणार नाही. म्हणजे मास्तरांना रस्त्याकडेची झाडं, कुंपणं, चरणाऱ्या मेंढ्या दिसायच्या, आणि नाकासमोर, जिथे रस्ता असायला हवा तिथे, एक करडा गोळा. गाडी चालवणं आजपासून बंद, असंही डॉक्टर म्हणाले. मास्तर त्यांचे आभार मानून खाली आले आणि गाडी चालवत घरी गेले.

त्या दिवसापासून बाई बोलायला लागल्या. 'जपून' किंवा 'समोर बघा' असलं काही मास्तरांना खपत नसे. सूचना देणं हा त्यांचा धंदा होता, घेणं नव्हे. म्हणून बाई निसर्गसौंदर्यावर बोलत. डावीकडे रस्ता किती सुरेख वळलाय, म्हणत. पुढचा ट्रक बिचारा किती हळू चाललाय, म्हणत. सिग्नलला म्हणत, लाल रंग पाहिला की मला बाई थांबावंसंच वाटतं. यातूनही काही निसटलं तर त्या पायाशीचा ब्रेक अलगद दाबत, आणि मास्तर तो आपणच दाबल्याचा चेहरा करत. दोन वर्षं अशी गेली. गाडीला ओरखडा नाही. बाईंची झोप तेवढी उडाली होती.

सहलीची टूम मास्तरांचीच. जवळपासचे किल्ले, तळी, खेड्यापाड्यांचे रस्ते, सगळं एकदा डोळे भरून बघून घेऊ, असं ते म्हणाले तेव्हा हसावं की रडावं हे बाईंना कळेना. त्यांनी एकच अट घातली. सहल झाली की मुलाला स्वतःच्या तोंडाने सगळं सांगायचं आणि गाडी त्याच्या हवाली करायची. मास्तर कबूल झाले. तेव्हापासून बाईंचं देवाकडे एवढंच मागणं होतं की सहल संपेपर्यंत आपल्या हातून कुणी मरू नये.

पहिल्या किल्ल्यावर मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, काय बुरूज आहे! ते स्वच्छतागृहाकडे बघत होते. मुलगा पोट धरून हसला. या वयातही बाबांचा विनोद शाबूत आहे याचं त्याला बरं वाटलं. सून नर्स होती, पण बाळंतिणींच्या वॉर्डात, त्यामुळे माणसाच्या सुरुवातीला काय काय बिघडतं ते तिला पाठ होतं, पुढचं तिच्याकडे येत नसे. तिने सासऱ्यांचा त्या बुरुजासकट फोटो काढला.

दुसऱ्या किल्ल्यावर एक गाइड मिळाला. इथल्या राजाने सख्ख्या भावाचे डोळे काढून त्याला या तळघरात ठेवलं, का, तर त्याला राज्य करता येऊ नये, असं त्याने आवाज उतरवून सांगितलं. मास्तर म्हणाले, नुसतं दिसत नाही एवढ्याने काय अडतं? गाइड पुढच्या दालनाकडे वळला. बाई दगडाच्या ओल्या भिंतीला हात लावून बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

तिसऱ्या किल्ल्याकडे निघाले तेव्हा जेवणं झाली होती. आभाळ भरून आलं होतं, ऊन नव्हतं. रस्ता अरुंद, दोन्हीकडे दगडी कुंपणं, पलीकडे नांगरलेली शेतं. बाईंचं निसर्गवर्णन अखंड चालू होतं. पूल किती अरुंद आहे नाही, म्हणाल्या. ती गाय बघा कशी रस्त्याच्या अगदी मधोमध उभी आहे, अगदी मधोमध हो, म्हणाल्या. गाय गेली. मागे मुलगा जागा झाला.

"आई, तू हल्ली किती बोलतेस गं," तो म्हणाला. "सकाळपासून रेडिओ लावल्यासारखं. वळण आलं, पूल आला, गाय आली. बाबांना दिसतं की."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. विषयाचं दार मुलानेच उघडून दिलं होतं. मास्तरांनी एक वाक्य बोलायचं होतं.

मास्तर हसले. "चालू दे रे तिचं. मी केव्हाच ऐकणं सोडलंय. गाडीत माशी शिरली म्हणून आपण गाडी थांबवतो का?"

मुलगा हसला. सूनही हसली, पण तोंडावर रुमाल धरून; ती मुळात चांगल्या घरातली होती.

बाईंनी तोंड मिटलं. चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसल्या.

या घरात भांडण कधी होत नसे. अबोला होई. त्याचे नियम ठरलेले होते. ज्याचं अडेल त्याने आधी बोलायचं, आणि आधी बोलेल तो हरला. मागे एकदा दिवाणखान्याच्या रंगावरून धरलेला अबोला घराला रंग लागून तो उडायला लागेपर्यंत टिकला होता. आज मास्तरांचं अडणार हे उघड होतं. एक तर ते गाडी थांबवतील, किंवा पुढे काय आहे गं, असं विचारतील; आणि विचारलं की मागच्या दोघांना आपसूक सगळं कळेल. बाईंचा हिशेब चोख होता. तिसरंही काही होऊ शकतं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. माणसाला राग येतो तो बहुधा याच सोयीसाठी.

मास्तरांनी वेग कमी केला. डाव्या कुंपणाच्या कडेकडेने, भिंत चाचपत चालल्यासारखी, गाडी जाऊ लागली. थोड्या वेळाने ते म्हणाले, हवा छान पडली आहे. कुणी काही बोललं नाही. मग म्हणाले, या भागातले रस्ते वळणावळणाचे असतात, नाही का? वाक्य कुणाला उद्देशून आहे ते बाईंना पुरतं कळलं. उत्तर मुलाने दिलं, की हो, असावेत. बाई खिडकीबाहेर मेंढ्या बघत राहिल्या. त्यांना मनातून जरा गंमतही वाटत होती, हे त्यांना पुढे फार दिवस छळणार होतं.

"बाबा, इतकं हळू का?" मुलाने विचारलं. "अंधार व्हायच्या आत पोचायचंय ना?"

हळू चालवणाऱ्यांना मास्तरांनी जन्मभर नाही नाही ते सुनावलं होतं. त्यांनी पाय दाबला. रस्ताही नेमका सरळ झाला होता. दोन्ही बाजूंची कुंपणं सारखी मागे पळत होती आणि त्यांना तेवढं पुरेसं वाटत होतं.

समोर टेकडीवर किल्ला दिसू लागला. त्याच्या पायथ्याशी, रस्त्याच्या मधोमध, नारिंगी जाकीट घातलेला एक माणूस उभा होता. त्याच्या हातात मोठी पिवळी पाटी होती. गाडी बघून त्याने ती डोक्यावर धरली आणि दुसरा हात हलवू लागला. बाईंनी त्याला लांबूनच पाहिलं. आता विचारतील, असं त्यांना वाटलं. पाटीवरची अक्षरं वाचता येऊ लागली. मास्तर विचारीनात. बाईंनी पाटी पुरती वाचली, आणि मग त्यांना कळलं की ते विचारणार नाहीत.

"अहो, माणूस आहे," त्या म्हणाल्या. निसर्गाविषयी काही म्हणायला वेळ नव्हता.

मास्तरांचा चेहरा खुलला. त्यांनी मान पूर्ण वळवून बाईंकडे तोंड केलं.

"बोललीस ना शेवटी?" ते म्हणाले.

बाईंचा मांडीखाली मुंग्या आलेला पाय ब्रेकपर्यंत पोचला, तेव्हा दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडी कुंपणात घुसून आपली आपणच थांबली होती.

सून धावली. रस्त्यावर गुडघे टेकून तिने बराच वेळ त्या माणसाच्या छातीवर दोन्ही हात दाबले, मग हात मागे घेतले आणि आपला स्वेटर काढून त्याच्या तोंडावर घातला. मुलगा विमा कंपनीत होता. त्याने गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले. नंतर आपण काय करतोय हे लक्षात येऊन तो कुंपणाच्या दगडावर बसला आणि त्याला उलटी झाली.

पोलीस आला तेव्हा मास्तर ताठ उभे होते. माणूस अचानक मध्ये आला, ते म्हणाले. आपण त्याला स्वच्छ पाहिलं होतं, पण त्यानेच ऐन वेळी पाऊल टाकलं. मुलानेही तोंड पुसून सांगितलं की अर्धं गाव बाबांच्या हाताखाली शिकलंय. पोलिसाने सगळं लिहून घेतलं. त्याला घाई नव्हती. रस्त्यावर चाकं घासल्याची खूण कुठेच नाही, हे तो येतानाच बघून आला होता.

"स्वच्छ पाहिलंत ना?" त्याने विचारलं. "मग त्याच्या हातात पाटी होती, हीऽऽ एवढी. काय लिहिलं होतं तिच्यावर?"

 मास्तरांनी मान किंचित कलती केली आणि कान बाईंकडे नेला, दोन वर्षं नेत होते तसा.

"अगं," ते म्हणाले, "काय होतं गं पाटीवर?"

पहिला डाव बाई हरल्या होत्या; या खेपेला अबोल्याच्या नियमाप्रमाणे मास्तर हरले होते. बाईंनी बोलायला हरकत नव्हती. मास्तरांना तोंडघशी पाडू नये म्हणून दोन वर्षं जे केलं तेच आणखी एकदा करायचं. पाटीवरचे शब्द हळूच पुरवायचे.

"ह्यांना दिसत नाही," त्या पोलिसाला म्हणाल्या. "दोन वर्षं झाली. मी सांगायची आणि हे चालवायचे. आज मी सांगितलं नाही."

"आई, गप्प बस," मुलगा म्हणाला.

त्या गप्प बसल्या नाहीत. डॉक्टरांचं सांगितलं, पायाशीच्या ब्रेकचं सांगितलं, मांडी घातल्याचं सांगितलं, माशीचंही सांगितलं. सून तोंडावर हात ठेवून ऐकत होती. मास्तर रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. कडेचं कुंपण तेवढं त्यांना दिसत होतं. लिहून झाल्यावर पोलिसाने विचारलं, मग पाटी तुम्ही तरी वाचलीत का?

बाईंनी वाचली होती. किल्ला दुरुस्तीसाठी बंद आहे, असं तिच्यावर लिहिलं होतं.