त्रेसष्टावा नियम

कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने वसाहतीतली त्र्याऐंशी घरं कामगारांच्या हवाली केली आणि तो मोकळा झाला. सरकारनेही पाच वर्षांची मुभा दिली. तुमचे नियम तुम्ही करा, तुमचा कर तुम्ही ठरवा, आमच्या डोक्याला ताप नको. लोक आधी खूश झाले आणि मग घाबरले, कारण नियम करायचे म्हणजे नेमकं काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी तिघांना बसवलं: दवाखान्यातली नर्सबाई, एक टर्नर आणि कर कार्यालयातून निवृत्त झालेला एक कारकून.

कारकून कारखान्यात कधीच नव्हता. कारखान्यात होती त्याची बायको, पॅकिंग खात्यात, एकतीस वर्षं. घर तिच्या नोकरीचं. ती जाऊन आठ महिने झाले होते. टर्नर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे कारकुनाचा मेहुणा.

बैठक रोज सकाळी जुन्या टाइम ऑफिसात भरायची. टेबलावर मालकाच्या काळचं नियमांचं पुस्तक, दोनशे चौदा नियम. त्यांचं एक पान करायचं होतं. पद्धत कारकुनानेच घालून दिली होती. एकेक नियम मोठ्याने वाचायचा आणि विचारायचं, हा नसला तर किती घरांचं अडेल? दोन किंवा जास्त घरांचं अडत असेल तर ठेवायचा. एकाच घराचं अडत असेल तर खोडायचा. त्या घराने ज्याच्याशी भानगड असेल त्याच्याशी बोलून मिटवावं. त्यासाठी सगळ्यांच्या मानेवर जू कशाला?

"रात्री साडेनऊनंतर मोठ्याने गाऊ नये," कारकुनाने वाचलं.

"हा ठेवा," टर्नर म्हणाला. "माझ्या शेजाऱ्यावर दुसरा इलाज नाही."

"आमच्या बाजूला कोणी गात नाही," नर्सबाई म्हणाली. "एकच घर. बोलून बघा त्याच्याशी."

"बोललो होतो. त्याला वाटलं फर्माईश आहे."

नियम गेला.

कराचं काम लवकर झालं. पूर्वी अकरा कर होते, पाण्याचा, दिव्याचा, सायकलीचा, अगदी गच्चीचासुद्धा. कारकुनाची सारी नोकरी लोकांना कर समजावून सांगण्यात गेली होती, आणि जो समजावून सांगावा लागतो तो कर मुळातच चुकलेला, असं त्याचं पक्कं मत झालं होतं. एक दार, एक कर, सगळ्यांना सारखा.

"मागचं दार धरायचं का?" टर्नरने विचारलं.

"वसुलीवाला आला की तू ज्या दाराने पळतोस, ते धरू," कारकून म्हणाला.

सहाव्या दिवशी त्याने बासष्टावा नियम वाचला, तोही गेला. मग त्याची नजर त्रेसष्टाव्यावर पडली. त्याने पुढे वाचला तो चौसष्टावा. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही.

त्रेसष्टावा साधाच होता. कामगार वारला की घर त्याने लिहून दिलेल्या वारसाचं, हा नियम आधीच ठेवला होता; त्रेसष्टावा सांगत होता की नवरा किंवा बायको मागे राहिली असेल, तर तिला किंवा त्याला जिवंतपणी तिथून कोणी हलवायचं नाही. बाकी ब्याऐंशी घरांना याची गरज नव्हती. तिथे घराच्या कागदावर नवरा-बायको दोघांची नावं होती, कारण दहा वर्षांपूर्वी कारकुनानेच दारोदार जाऊन सगळ्यांचे फॉर्म भरून दिले होते. बायको म्हणायची, "अहो, आपला फॉर्म?" तो म्हणायचा, "आपला कुठे पळून चाललाय?" तो राहून गेला. नोकरीला लागताना तिने वारस म्हणून भावाचं नाव लिहिलं होतं. तेव्हा तो शाळेत होता आणि तिला दुसरं कोणी नव्हतं. ते नाव तसंच राहिलं होतं.

चहा आला. कारकुनाने एक घोट घेतला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "एक वाचायचा राहिला." आणि वाचला.

"किती घरं?" नर्सबाईने विचारलं.

"एक. माझं."

टर्नरला समजायला वेळ लागला. "म्हणजे नियम गेला तर घर माझं? मग ठेवा की! एक राहिला तर काय आभाळ कोसळतंय?"

"तुझा गाणारा नाही ठेवला."

"गाणारा आणि ताई एकच का, भाऊजी?"

"ज्याचं घर किंवा पैसा गुंतला असेल त्याने बाहेर जायचं, असं ठरलंय," नर्सबाई म्हणाली. "तुम्ही दोघंही बाहेर. मी एकटीच ठरवते, लवकर आटपेल."

दोघं पायऱ्यांवर जाऊन बसले. ऊन चांगलं पडलं होतं.

"मी तुम्हाला घराबाहेर काढीन असं वाटलं का?" टर्नर म्हणाला.

"नाही. तेवढं तुला ओळखतो मी." कारकून त्याच्याकडे वळला. "दोन खोल्यांत सहा माणसं. झोपता कसे रे तुम्ही?"

"एका अंगावर. एकाने कूस बदलली की सगळ्यांनी बदलायची. सासूबाई स्वयंपाकघरात."

"आणि मी तीन खोल्यांत एकटा. मधल्या खोलीत तर आठ महिन्यांत पाऊल टाकलेलं नाही." तो पायऱ्यांकडे बघत होता. "तुम्ही सगळे या. मागची खोली मला ठेव."

"या म्हणजे? असं कसं?"

"कागद करून. दुसरा नियम काय आपला? दोघांनी राजीखुशीने ठरवलं तर तिसऱ्याने नाक खुपसायचं नाही. लिही. मागच्या खोलीत मी मरेपर्यंत राहणार. तू, तुझी बायको, तुझी सासू, कोणी मला उठवायचं नाही."

"सासूबाईंचं मी लिहून देऊ शकत नाही, भाऊजी. ते सरकारलाही जमायचं नाही."

कारकून हसला. बऱ्याच दिवसांनी हसल्यामुळे त्याला खोकला आला. टर्नरने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हात तिथेच राहू दिला.

"कर निम्मा माझा," कारकून म्हणाला.

"बरं."

"मधल्या खोलीत तिचं कपाट आहे."

"राहू दे की ते."

"नको. मुलांचे कपडे कुठे ठेवशील? कपाट तुम्ही वापरा. पण रिकामं मी करणार. कोणी मदतीला यायचं नाही. मला एक आठवडा दे."

"महिना घ्या."

"महिना दिलास तर मी वर्ष लावीन. आठवडा लिही."

आतून नर्सबाईने हाक मारली, "खोडला! या आता, चौसष्टावा पुन्हा वाचायचाय. मघाशी कोणाचंच लक्ष नव्हतं."

पाच दिवस कारकून मधल्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत येत राहिला. सहाव्या दिवशी सकाळी तो आत गेला, खिडकी उघडली, कपाटाचा खालचा कप्पा ओढला. तिथे चादरी होत्या. चादरी दोघांच्या होत्या, म्हणून त्याने त्यांच्यापासून सुरुवात केली.