दोन कट बाकी

बाबांच्या अंत्यविधीनंतरच्या सोमवारी नीवेसनं वर्कशॉप उघडलं आणि थेट सीएनसी लेथचं दार सरकवलं. नग घट्ट धरून ठेवणारा चक रिकामा होता.

मशीन आतून लख्ख पुसलेलं. धातूचा चुरा कुठं औषधालाही नव्हता. बाबांनी अर्धवट सोडलेली पिन शेजारच्या बाकावर स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवली होती.

"मीच केलं गं सगळं," मागून क्लॅरी म्हणाला. "आल्या आल्या तुला ते दिसायला नको, म्हटलं."

क्लॅरी इथला जुना वेल्डर. त्याच्या वेल्डिंगपेक्षा सीगलची घाण सुबक दिसते, असं बाबा त्याला रोज ऐकवायचे, आणि हा त्यांच्याच कपातली कॉफी पिऊन टाकायचा.

"छान केलंस," नीवेस म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आटे एका दमात कापले जात नाहीत. टूल त्याच खाचेतून पुन्हा पुन्हा जातं, दर वेळी केसभर खोल. खाच कुठून सुरू होते हे मशीनला माहीत असतं, पण नग चकमध्ये हलला नसेल तोवरच. काढून पुन्हा लावला की तो भलत्याच कोनात बसतो आणि टूल जुन्या खाचेशेजारी नवी खाच पाडतं. बाबा लेथसमोर कोसळले तेव्हा दोन कट बाकी होते. ते आपण द्यायचे, एवढी एकच गोष्ट तिनं गेल्या आठवड्यात ठरवली होती. पिन इथल्याच, पोर्ट लिंकनच्या एका टूना-बोटीच्या सुकाणूसाठी होती. बाबांच्या हातचं शेवटचं काम समुद्रावर जाणार होतं.

तिनं पिन पुन्हा चकमध्ये धरली. खाच नीट दिसावी म्हणून आटे निळ्या मार्करनं रंगवले. टूल धातूला न टेकवता नेऊन पाहिलं, थांबवलं, भिंगातून निरखलं, चक सैल करून पिन किंचित वळवली. मग पुन्हा तेच. क्लॅरीनं जेवायला आणलेला भाजलेला मटणाचा पाय तसाच गार झाला.

शेवटी टूलचं टोक खाचेच्या मधोमध दिसलं. तिनं एक कट दिला, मग दुसरा. पहिल्या आट्याची धार कानशीनं मारली, बाबा मारायचे तशी, हलक्या हातानं.

आट्यांचं माप तपासणारी 'गो' गेजची रिंग सहज चढली. तिचा श्वास मोकळा झाला. मग तिनं 'नो-गो' लावली. ती सुरुवातीलाच अडायला हवी होती. ती चढत गेली, शेवटपर्यंत.

"बसली की!" क्लॅरी म्हणाला.

"ही बसायला नको होती, क्लॅरी. खाच एका बाजूनं जास्त कापली गेलीय. नट ढिला राहणार."

तो पिनकडे बघत राहिला. मग रिकाम्या फडक्याकडे. "मी काढली म्हणून?"

"नाही रे. माझा हात चुकला."

त्याला ते पटलं नाही हे तिला दिसलं.

"मग नटला थोडा गोंद लाव," तो घाईनं म्हणाला. "घट्ट धरतो तो. कुणाला कळतंय? तुझ्या बाबाची, स्टीपेची शेवटची पिन आहे, पोरी."

"आणि भर समुद्रात सुकाणू सुटलं तर?"

क्लॅरीनं रिकामं फडकं उचललं आणि घडी घालून ठेवलं.

बिघडलेला नग बाबा बाकावर राहू देत नसत. चुकूनही कुणी वापरू नये म्हणून आट्यांतून करवतीचा आडवा काप द्यायचे आणि मगच भंगारात टाकायचे. स्वतःचा असो की गिऱ्हाइकानं दिलेला.

नीवेसनं पिन बाकावरच्या पकडीत आवळली. भिंतीवरची बाबांची करवत काढली, तिच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्यानं पडलेला खळगा होता. तिचा अंगठा त्यात बसला नाही.

पहिल्याच ओढीला पिन थरथरली. क्लॅरी पुढं आला आणि त्यानं पिनचं दुसरं टोक दोन्ही हातांनी धरलं. कठीण स्टेनलेस, ब्लेड किंचाळत होतं. दोघंही एकमेकांकडे न बघता काम करत राहिले.

काप पुरा झाला तेव्हा बाकावर बारीक चकचकीत चुरा पडला होता. क्लॅरीचा हात सवयीनं ब्रशकडे गेला. मग त्यानं तो मागं घेतला.