पगारे सरांची प्रश्नपत्रिका

“माऊस बाजूला ठेवा, सर. तो डोळेवाल्यांसाठी. अपना सगळं काम बोटांनी आणि कानांनी.”

पगारे सरांनी माऊस चाचपून टेबलाच्या कडेला सारला. नाशिकच्या अंधांच्या संस्थेतला हा त्यांचा पहिला तास. शिकवणारी जिया चोवीस वर्षांची, मालेगावची, जन्मापासून अंध. शिकणारे धम्मपाल पगारे एक्कावन्न वर्षांचे, चांदवडच्या शाळेत मराठीचे शिक्षक. काचबिंदूने आधी त्यांच्या नजरेच्या कडा खाल्ल्या, मग मधलंही नेलं. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

“आता ऑल्ट, त्याच्या डावीकडची सुपर आणि एस. तिन्ही एकदम दाबा.”

चौथ्या प्रयत्नाला बोटं जागेवर पडली. “स्क्रीन रीडर सुरू,” सर्दी झालेल्या माणसासारखा एक आवाज म्हणाला. सर दचकले.

“हा कोण?”

“हा ओर्का. स्क्रीनवर जे असेल ते वाचून दाखवतो. आणि तो ज्याच्यात चालतो तो डेस्कटॉप, म्हणजे मेन्यू-खिडक्यांचा हा सगळा पसारा, त्याचं नाव माटे.”

“माटे? बी.एड.ला आम्हाला माटे सर होते. फार घालूनपाडून बोलायचे.”

जिया खळखळून हसली. “हा नाही बोलत. परदेशातल्या कुठल्या तरी चहाचं नाव आहे म्हणे. जगभरच्या लोकांनी मिळून बनवलाय, फुकट वाटतात. बनवणाऱ्यांत आपल्यासारखे पण आहेत.”

“आपल्यासारखे म्हणजे? न दिसणारे?”

“हो ना. म्हणून तर कामाचा आहे.”

सरांनी बोटं पुन्हा कळांवर ठेवली.

शाळेने त्यांना काढलं नव्हतं. कायद्याने काढता येत नव्हतं. ऑफिसात खिडकीपाशी एक खुर्ची दिली होती आणि काम मात्र दिलं नव्हतं. घंटा होई, पोरांचा लोंढा बाहेर येई, पुन्हा आत जाई. सर खुर्चीतच. जूनमध्ये नवे मुख्याध्यापक निकम सर आले. माणूस वाईट नव्हता. चहा पाजून हळूच म्हणाले, “पगारे सर, स्वेच्छानिवृत्तीचा विचार करा ना. घरी आराम पडेल.”

पगारे सरांच्या तोंडून निघून गेलं, “सहामाहीपर्यंत थांबा. आठवीची मराठीची प्रश्नपत्रिका मी काढतो. माझी मी, टाइप करून.”

तोवर त्यांनी कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

मग दर शनिवारी दुपारी त्यांची बायको लता त्यांना एसटीत बसवून द्यायची, आणि नाशिकच्या स्टँडवर संस्थेचा माणूस घ्यायला यायचा. पहिले दोन शनिवार नुसते हरवण्यात गेले. एक खिडकी उघडावी तर तिच्यावर दुसरीच उघडायची. कुठे आहोत तेच कळेना. जिया म्हणायची, “घाबरू नका. एस्केप दाबा, मागे या. घरात रस्ता चुकला तर आपण भिंतीला हात लावतो की नाही?” तिसऱ्या शनिवारी त्यांनी स्वतः मेन्यू उघडला, लिहायची खिडकी शोधली आणि बंदही केली. कीबोर्डवर मराठीचे स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत, हे कळल्यावर तर ते खूशच झाले. “हे कुणीतरी व्याकरण येणाऱ्यानं केलंय!” घरी आल्यावर त्यांनी हे लताला तीनदा सांगितलं.

शाळेत एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. जियाने दिलेल्या पेनड्राइव्हवरून संगणकाच्या मॅडमनी त्यावर माटे घालून दिला. खुर्ची तीच राहिली, पण आता तिच्यासमोर एक टेबल आलं.

प्रश्नपत्रिका शुक्रवारी दुपारी बारा वाजता द्यायची होती. त्या सकाळी चौथा प्रश्न लिहून सर पाणी प्यायला उठले. परत येऊन कळ दाबली, तर आवाज नाही. दुसरी दाबली. काहीच नाही. ऑल्ट, सुपर, एस. शांतता. त्यांनी भराभर दहा-बारा कळा दाबल्या आणि मग हात मांडीवर घेतले. दोन महिने पाण्यात गेले होते. आता निकम सरांना काय सांगायचं?

शाळेतल्या सेविका शकुबाई झाडू घेऊन आल्या. “सर, एवढं घामाघूम का हो?”

“बंद पडलं, शकुबाई. गेलं सगळं.”

“काय नाय गेलं. अक्षरं दिसत्यात की.” मग झाडू खाली पडल्याचा आवाज आला. “आत्ता गं बया! सर, त्या डबड्याची पिन म्याच काढली. मोबाईल मेला व्हता माझा, म्हनून चार्जिंगला लावला.”

स्पीकरची पिन पुन्हा बसली. सर्दीवाला आवाज बोलायला लागला, तसे सर हसले, आणि हसता हसता त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. घाबरून दाबलेल्या कळांनी मध्ये काहीबाही उमटलं होतं, ते त्यांनी खोडलं. मग चौथा प्रश्न वाचायला लावला : ‘आमच्या गावचा बाजार या विषयावर दहा ओळी लिहा.’

“हे तर मलाबी येईल,” शकुबाई म्हणाल्या. “लय सोपं काढलं सर तुमी.”

निकम सरांनी प्रिंट काढलेली पानं हातात घेतली. पान उलटल्याचा आवाज आला. मग पुन्हा पहिल्या पानावर आल्याचा.

“छपाईला देतो,” ते म्हणाले. थोडं थांबून त्यांनी विचारलं, “आठवी ब वर सुपरव्हिजनला उभे राहाल का? मीही असेन सोबत.”

परीक्षेच्या दिवशी पगारे सर फळ्याशी उभे राहिले. चाळीस पोरं लिहीत होती. अर्ध्या तासाने मागच्या बाकावरून एक मुलगी उठली.

“सर, मी पूजा. तिसऱ्या प्रश्नात ‘कविता’तला वि दीर्घ पडलाय.”

पेनं थांबली. निकम सर दारातून चटकन म्हणाले, “छपाईची चूक असेल. बस खाली.”

“नाही,” पगारे सर म्हणाले. “छपाईची नाही. माझी आहे. शाब्बास, पूजा. सगळ्यांनी वेलांटी खोडा आणि पहिली करा.”

आणि चाळीस पेनं कागदावर एकदम खरखरली.